हातावरच्या शिरा : लपवायच्या की मिरवायच्या?

जिममधल्या पोराला त्या हव्यात, मेंदी काढायला बसलेल्या पोरीला नकोत. पण घालवायला निघण्याआधी त्या आहेत कशासाठी, हे तरी बघून घेऊ.

श्रीगोंद्यातलं कोणतंही जिम घ्या. संध्याकाळी शेवटचा सेट संपवून एखादा पोरगा आरशासमोर मूठ आवळतो आणि मित्राला म्हणतो, ‘काढ रे एक फोटो, शिरा आल्यात मस्त!’ त्याच गावात कुणाच्या तरी लग्नघरात एक मुलगी मेंदीसाठी हात पुढे करून बसलेली असते. शेजारची मावशी सहज बोलून जाते, ‘अगं, किती शिरा दिसतात तुझ्या हाताला! म्हातारीसारखे झालेत हात. खात-पीत नाहीस का काही?’ मावशी विसरून जाते. मुलगी विसरत नाही. रात्री मोबाइल उघडून ती शोधायला लागते, ‘हातावरच्या शिरा घालवण्याचे उपाय’.

मीही त्यातलीच. फोटो काढताना हात ओढणीखाली घेणारी. त्यामुळे या विषयावर जे वाचलं, जे समजून घेतलं, ते इथे सांगते.

दिसतात कशामुळे?

हाताच्या पाठीवरची कातडी पातळ असते आणि तिच्याखाली चरबीही फारच थोडी. खाली शिरांचं जाळं तर प्रत्येकाच्याच हातात आहे. कुणाचं झाकलेलं, कुणाचं उघडं. अंग सडपातळ असेल, कातडी उजळ किंवा पातळ असेल, घरातच तशी ठेवण असेल तर ते जास्त दिसतं. उन्हाळ्यात अंगातली उष्णता बाहेर टाकायला शिरा फुगतात. व्यायाम करताना स्नायूंकडे रक्त जास्त जातं आणि शिरा वर ढकलल्या जातात. ऊसतोड करणाऱ्या, लिंबाच्या बागेत राबणाऱ्या माणसांचे हात आठवा. त्या हातांवर शिरा नसत्या तरच नवल.

वय वाढलं की चरबी आणखी कमी होते, कातडी सैल पडते, म्हणून म्हाताऱ्या हातांवर शिरा ठसठशीत दिसतात. विशीतल्या हातावर त्या दिसण्याचं कारण बहुतेक वेळा एवढंच की हात सडपातळ किंवा कष्टाचा आहे. शिरा दिसतात म्हणजे अशक्तपणा आहे, असं अजिबात नाही. हां, वजन अचानक उतरलं असेल आणि त्यानंतर शिरा दिसायला लागल्या असतील, तर वजन का उतरलं ते शोधा.

आणि भरतीची तयारी करणाऱ्यांनो, मेडिकलमध्ये ज्या ‘व्हेरिकोज व्हेन्स’ची धास्ती असते त्या मुख्यतः पायाच्या. त्यांच्या झडपा बिघडलेल्या असतात. व्यायामानं वर आलेल्या हाताच्या शिरा म्हणजे तो आजार नव्हे.

दोन मिनिटांचा प्रयोग

हात खाली सोडा. शिरा भरतील. मग हात डोक्याच्या वर धरा. काही क्षणांत त्या बसतील. रक्त हृदयाकडे नीट परत जातंय, एवढाच त्याचा अर्थ.

आता हात पुन्हा खाली घ्या. हाताच्या पाठीवरची एक सरळ शीर निवडा. बोटांकडच्या बाजूला तिच्यावर एक बोट दाबून ठेवा आणि दुसऱ्या बोटानं मनगटाकडे हलकेच पुसत न्या. शीर रिकामी होईल, आणि वरून रक्त मागे येणार नाही, कारण आत एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपा आहेत. दाबलेलं बोट उचललं की ती पुन्हा भरेल. इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरांनी १६२८ मध्ये आपल्या पुस्तकात हाच प्रयोग चित्रांसकट छापला होता. रक्त शरीरात फिरतं हे पटवून द्यायला त्यांनी ज्या शिरांचा पुरावा दिला, त्याच आपण फोटोत लपवतो.

उपाय आहेत का? आहेत.

पहिला : शीर बंद करणं. याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. शिरेत बारीक सुईनं पोलिडोकॅनॉलसारखं औषध सोडतात. शिरेच्या आतल्या अस्तराला इजा होते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि शरीर ती शीर हळूहळू जिरवून टाकतं. रक्त दुसऱ्या वाटेनं जातं. अमेरिकेत हे औषध २०१० मध्ये मंजूर झालं ते पायांवरच्या बारीक शिरांसाठी. हातासाठी डॉक्टर स्वतःच्या निर्णयावर ते वापरतात. सूज, दुखणं, गुठळी, काळपट डाग हे त्रास होऊ शकतात. औषध शिरेबाहेर सांडलं तर कातडीला जखम होते, आणि चुकून धमनीत गेलं तर बोटांवर बेतू शकतं.

दुसरा : शीर काढणं किंवा आतून जाळणं. जागा बधिर करून बारीक छेदांतून शीर ओढून काढतात, नाहीतर शिरेत लेझरची तार घालून ती बंद करतात. हाताच्या पाठीवर संवेदना देणाऱ्या नसा अगदी जवळून जातात, त्यामुळे मुंग्या किंवा बधिरपणाचा धोका असतो.

तिसरा : शिरेला हात न लावता ती झाकणं. कातडीखाली फिलर भरतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं हातासाठी २०१५ मध्ये कॅल्शियमचं एक फिलर मंजूर केलं आणि २०१८ मध्ये हायल्युरॉनिक ॲसिडचं. हे दुसरं २१ वर्षांवरच्या लोकांसाठी आहे. परिणाम कायमचा नसतो, पुन्हा भरावं लागतं. खर्च सिरिंजवर, तोही हजारांत, आणि हात दोन आहेत! सूज, गाठी, काही दिवस बोटं आखडणं असे त्रास संभवतात. हायल्युरॉनिक ॲसिड नको वाटलं तर इंजेक्शननं विरघळवता येतं, कॅल्शियमचं तसं सहज विरघळवता येत नाही. पोटाची किंवा मांडीची स्वतःची चरबी काढून हातात भरण्याचीही पद्धत आहे. त्यातली काही चरबी शरीर शोषून घेतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. फिलर हे वयानं गेलेली चरबी भरून काढण्यासाठी आहे. विशीत ती गेलेलीच नसते. मग आपण भरणार काय?

आणि क्रीम? शीर घालवणारं क्रीम नसतं. सनस्क्रीन आणि मॉइश्चरायझरनं हाताची कातडी चांगली राहते, तेवढं जरूर करा. एखाद्या दिवसापुरतं झाकायचं असेल तर कन्सीलर पुरतो.

शीर सापडत नाही तेव्हा

गेल्या पावसाळ्यात तापानं मला दवाखान्यात ठेवलं होतं. सिस्टरनं माझा हात हातात घेतला, पाठीवर दोनदा थोपटलं आणि एका दमात सुई लावली. ‘ताई, अशा शिरा सगळ्यांना असाव्यात,’ त्या म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरच्या आजींना तिसऱ्यांदा टोचत होते. शीर सापडत नव्हती. आजी तोंड फिरवून गप्प पडून होत्या आणि त्यांचा मुलगा हात चोळत दाराशी उभा होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी माझा हात ओढणीबाहेर ठेवला.

सलाइन लावायला डॉक्टर बहुतेकदा पहिल्यांदा हाताच्या पाठीकडेच बघतात. बंद केलेली शीर त्या कामाला परत मिळत नाही. पुढे बाळंतपण, अपघात, ऑपरेशन काय वाढून ठेवलंय कुणाला ठाऊक? काही डॉक्टर हाताच्या शिरांवरचे उपचार टाळायला सांगतात, ते म्हणूनच.

हे मात्र अंगावर काढू नका

जिमवाल्यांनो, खास तुमच्यासाठी. जोरदार व्यायामानंतर एकच हात अचानक सुजला, जड झाला, निळसर पडला, खांद्या-छातीवर नव्या शिरा दिसायला लागल्या, तर ‘पंप आलाय’ म्हणून फोटो काढत बसू नका. काखेजवळच्या मोठ्या शिरेत गुठळी झालेली असू शकते. तरुण, व्यायाम करणाऱ्यांनाही ती होऊ शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी. शिरा उठून दिसाव्यात म्हणून पाणी तोडणं, लघवी होण्याच्या गोळ्या घेणं हा तर जिवाशी खेळ आहे.

सलाइन लावलेल्या जागी दोरीसारखी लाल, दुखरी शीर लागत असेल तर तीही दाखवा.

तरीही करायचंच असेल तर...

हात तुमचा, निर्णयही तुमचाच. पण नगर-पुण्याची गाडी पकडण्याआधी हे प्रश्न लिहून न्या :

• उपचार करणारी व्यक्ती त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा रक्तवाहिन्यांची सर्जन आहे का? मेडिकल कौन्सिलची नोंदणी आहे का? पार्लर किंवा ‘घरी येऊन करतो’ म्हणणारे नकोतच.
• हातांवर असे उपचार त्यांनी आधी केलेत का?
• औषध कोणतं, किती दिवस टिकणार, एकूण खर्च किती?
• बिघडलं तर काय करणार, आणि कुठे?
• मला याची खरंच गरज आहे का, की कुणीतरी बोललं म्हणून आले?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टर देणार नाहीत, ते आपलं आपल्यालाच द्यावं लागेल. आणि कॉलेजात रक्तदान शिबिर लागलं, वय १८ पूर्ण असेल, वजन ४५ किलोच्या वर असेल, तर जाऊन बघा. सुई कोपराच्या घडीत लावतात, पण तिथंही ठळक शीर असलेल्याचं काम झटपट होतं. मी यंदा जाणार आहे. बिनओढणीची.