अडीच वाजताचा डीन

नाशिकमध्ये दुपारचा एक वाजलेला असतो. अमेरिकेत शिकणाऱ्या मुलाने तीन दिवस फोन उचललेला नाही. व्हॉट्सअॅपवर एकच टिक. रूममेटचा नंबर घेऊन ठेवायला हवा होता, असं आई चौथ्यांदा म्हणते, आणि वडील विद्यापीठाच्या वेबसाइटवर एखादा नंबर सापडतो का ते बघत बसतात. ऑक्टोबर महिना असेल, तर इलिनॉय राज्यात त्या वेळी रात्रीचे अडीच वाजलेले असतात. एवढ्या रात्री तिकडे फोन कोण उचलणार? आपल्याकडे विद्यापीठाचा फोन दुपारी अडीचला उचलला जाईल याचीही खात्री नसते.

इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन इथल्या परिसरात तो उचलला जातो. कार्यालय बंद झाल्यावर जो सहायक डीन पाळीवर असतो, त्याला तिथे ‘इमर्जन्सी डीन’ म्हणतात. आपल्याकडे डीन म्हटलं की विद्याशाखेचा अधिष्ठाता किंवा सरकारी रुग्णालयाचा प्रमुख डोळ्यांपुढे येतो. हा डीन वेगळा. तो ‘डीन ऑफ स्टुडंट्स’ या कार्यालयाचा माणूस. वर्गाबाहेर विद्यार्थ्याचं जे काही बिघडतं ते याच्या टेबलावर येतं. गंमत म्हणजे याच विद्यापीठात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला थॉमस आर्कल क्लार्क हे ‘डीन ऑफ मेन’ होते, आणि मुलांवर करडी नजर ठेवणं हा त्या पदाचा मोठा भाग होता. नजर अजूनही ठेवली जाते, पण तिचं कारण बदललं आहे.

फोनवरचा डीन सुरुवातीला धीर देत बसत नाही, तो प्रश्न विचारतो. शेवटचं बोलणं कधी झालं? नेमके शब्द काय होते? असा गायब होण्याची त्याला सवय आहे का? मरणाबद्दल, निरोपाबद्दल काही बोलला होता का? राहतो कुठे, खोली क्रमांक काय, मित्र कोण? यातल्या पत्त्यावर आपल्याकडचे पालक बऱ्याचदा अडकतात. मुलगा राहतो त्या शहराचं तापमान ठाऊक असतं, अपार्टमेंटचा नंबर ठाऊक नसतो.

पत्ता मिळाला की पुढची वाट ठरलेली असते. मुलगा वसतिगृहात राहत असेल, तर तिथे रात्रीच्या पाळीवर असलेला कर्मचारी दार वाजवतो. बाहेर भाड्याने राहत असेल, तर पोलिसांना ‘वेलफेअर चेक’ करायला, म्हणजे खुशाली बघून यायला सांगावं लागतं. दारात पोलीस हे ऐकून घरच्यांच्या पोटात गोळा येतो; मुलाच्या व्हिसाचं काय होईल इथपर्यंत विचार जातो. पण अशी खुशाली बघणं हा गुन्ह्याचा तपास नसतो. तरीही मध्यरात्री गणवेशातला माणूस बघून आधीच घाबरलेला मुलगा आणखी घाबरतो, म्हणून काही विद्यापीठांनी पोलिसांबरोबर समाजकार्यकर्ता पाठवायला सुरुवात केली आहे.

पुष्कळदा मुलगा सापडतो. मिडटर्मला आपटला म्हणून फोन बंद करून पडून राहिलेला, किंवा खरोखरच फोन बिघडलेला. आणि इथून घरच्यांना सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट सुरू होते. वडील पुन्हा फोन करून विचारतात, “कसा आहे? जेवतोय का?” डीन सांगतो, “आमचं त्याच्याशी बोलणं झालं, त्याला घरी फोन करायला सांगितलंय.” त्यापुढे एक अक्षर नाही.

हा कोरडेपणा नाही, १९७४ चा कायदा आहे. फर्पा या नावाने ओळखला जाणारा हा संघराज्याचा कायदा विद्यार्थ्याच्या नोंदींचं रक्षण करतो. मुलगा अठरा वर्षांचा झाला किंवा कॉलेजात दाखल झाला, की या नोंदींवरचा आईवडिलांचा हक्क त्याच्याकडे जातो. फी कोण भरतं याने तेवढ्यावर फरक पडत नाही. आईवडील अमेरिकेच्या आयकरात मुलाला आपल्यावर अवलंबून दाखवत असतील तर विद्यापीठ सांगू शकतं, पण नाशिकच्या वडिलांना त्याचा काय उपयोग? उपयोग होतो तो दुसऱ्या अपवादाचा. मुलाच्या किंवा इतरांच्या जिवाला खरोखर धोका असेल, तर तो टाळण्यासाठी ज्यांना कळणं गरजेचं आहे त्यांना सांगता येतं, आणि त्यात पालक येतात. धोका आहे की नाही हे त्या रात्री कोणी तरी ठरवायचं असतं. त्यासाठी पाळीवरचा डीन आपल्या प्रमुखाला झोपेतून उठवतो.

एक बारकावा मात्र घरच्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. कायदा माहिती बाहेर द्यायला अडवतो, आत यायला नाही. मुलाला पूर्वी नैराश्याचा त्रास होता, औषध मध्येच बंद केलं, गेल्याच महिन्यात आजी गेली आणि त्याला येता आलं नाही, हे सगळं तुम्ही सांगू शकता आणि ऐकणारा ते लिहून घेतो. “ते काहीच सांगत नाहीत” म्हणून चिडून फोन ठेवणारे पालक नेमकी हीच संधी घालवतात.

आतल्या आत माहिती कशी फिरते, यावर या कार्यालयाची सगळी मदार आहे, आणि त्यामागे एक भयंकर दिवस आहे. १६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने ३२ जणांना गोळ्या घालून ठार केलं. मृतांत मुंबईची एक विद्यार्थिनी आणि मूळचे तमिळनाडूचे एक प्राध्यापकही होते. राज्यपालांनी नेमलेल्या समितीने मागचा माग काढला, तेव्हा दिसलं ते असं: इंग्रजी विभागाला त्या मुलाच्या लिखाणाची काळजी वाटत होती आणि तेव्हाच्या विभागप्रमुख लुसिंडा रॉय यांनी ती वरपर्यंत कळवली होती. वसतिगृहाकडे तक्रारी होत्या. विद्यापीठाच्या पोलिसांकडे वेगळ्या तक्रारी होत्या. डिसेंबर २००५ मध्ये त्याला बाह्यरुग्ण म्हणून उपचार घ्यायचा आदेशही झाला होता. त्याचं पुढे काय झालं हे कोणी पाहिलं नाही. प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, आणि गोपनीयतेचा कायदा आड येतो अशा समजुतीने जो तो आपला तुकडा मुठीत धरून होता. प्रत्यक्षात कायदा इतका कडक नव्हताच. तो ठेवलेल्या नोंदींना लागू होतो. प्राध्यापकाने वर्गात डोळ्यांनी जे पाहिलं ते सांगायला त्याची मनाई नाही.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००८ मध्ये, नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठात पाच विद्यार्थी मारले गेले. त्याच वर्षी व्हर्जिनिया आणि इलिनॉय या दोन्ही राज्यांनी आपल्या सरकारी विद्यापीठांना धोक्याचं मूल्यमापन करणारा गट नेमणं कायद्याने बंधनकारक केलं.

अशा गटांच्या आगेमागे रोजच्या काळजीचीही एक व्यवस्था उभी राहिली. कोणीही, म्हणजे प्राध्यापक, मित्र, मेसमधला कर्मचारी, ऑनलाइन फॉर्म भरून “मला अमुक विद्यार्थ्याची काळजी वाटते” असं कळवू शकतो. फॉर्म कार्यालयात येतो. आठवड्यातून एकदा डीन, समुपदेशन केंद्र, वसतिगृह, पोलीस, अपंग विद्यार्थ्यांचा विभाग अशी माणसं एका टेबलाभोवती बसतात आणि एकेक नाव घेतात. एका प्राध्यापकाला मुलगी वर्गात येत नाही एवढंच माहीत असतं. वसतिगृहाला ती दिवसभर झोपून असते हे माहीत असतं. फीच्या खात्यावर थकबाकी दिसते. तिन्ही गोष्टी सुट्या सुट्या किरकोळ. एकत्र ठेवल्या की चित्र उठतं. मग प्रत्येक नावापुढे एका माणसाचं नाव लिहिलं जातं, त्याला ‘केस मॅनेजर’ म्हणतात. “आपण सगळे लक्ष ठेवू” असं ठरलं तर कोणीच ठेवत नाही, हे प्रमुखाला अनुभवाने ठाऊक असतं.

प्रमुखाची कसोटी या बैठकीत लागते, आणि ती मोठ्या आवाजाच्या प्रकरणांत लागत नाही. दिवसाला आठ ईमेल पाठवणाऱ्याकडे सगळे धावतात. ज्याने ईमेल पाठवणं बंद केलंय त्याचं नाव यादीत खाली सरकत जातं. चांगला प्रमुख बैठकीच्या शेवटी यादीचा तळ उपसतो.

समुपदेशन केंद्राचा माणूस या टेबलाशी असतो, पण तो बहुतेक वेळा ऐकतो. समुपदेशकाशी बोललेलं बाहेर जात नाही, आपल्याकडे अमुक विद्यार्थी येतो हेसुद्धा तो परवानगीशिवाय सांगत नाही. त्यालाही एक मर्यादा आहे, आणि ती एका भारतीय विद्यार्थ्यामुळे पडली. १९६९ मध्ये बर्कलेत भारतातून आलेल्या एका विद्यार्थ्याने एका तरुणीचा खून केला. आपला इरादा त्याने आधी विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितला होता. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये ‘तारासॉफ’ खटल्यात ठरवलं, की रुग्णाकडून दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर त्या माणसाला वाचवण्यासाठी वाजवी पावलं उचलणं हे तज्ज्ञाचं कर्तव्य आहे. विद्यार्थ्याने मात्र एवढं समजून असावं: समुपदेशकाचं दार बंद असतं, डीनचं अर्धं उघडं.

स्वतःच्याच जिवाला धोका असेल तर? इलिनॉय विद्यापीठाने १९८४ मध्ये इथे एक वेगळी वाट धरली. ज्याने आत्महत्येचा प्रयत्न केला किंवा तसं बोलून दाखवलं, त्याने तज्ज्ञाकडे मूल्यमापनासाठी चार वेळा जायचंच, असा नियम केला. त्याआधी “गरज वाटली तर या” असं सांगितलं जाई आणि फार थोडे येत. हा कार्यक्रम चालवणाऱ्या पॉल जॉफी यांनी २००८ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार, विद्यापीठातल्या आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४५ टक्क्यांनी उतरलं. सक्तीने मदत करायची का, सक्तीच्या भीतीने मुलं बोलायचीच थांबतील का, हा वाद आहेच. मला विचाराल तर चार भेटींची सक्ती मी समजू शकतो. घरी पाठवण्याची सक्ती मात्र समजू शकत नाही. येल विद्यापीठावर नेमका तोच आरोप झाला होता: मानसिक त्रासातल्या मुलांना बाहेर जायला भाग पाडायचं आणि परत यायला पुन्हा अर्ज करायला लावायचा. जानेवारी २०२३ मध्ये येलने ते बदलून वैद्यकीय रजेची पद्धत आणली, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये यासंबंधीचा खटला तडजोडीने मिटला.

आपल्या मुलांसाठी रजेची वाट आणखी चिंचोळी आहे. एफ-१ व्हिसावर पूर्ण अभ्यासक्रम घ्यावाच लागतो; पदवीच्या मुलांसाठी तो सत्राला साधारण बारा क्रेडिट. आजारपणात कमी करता येतो, एका पदवीच्या काळात एकूण बारा महिन्यांपर्यंत, पण आंतरराष्ट्रीय विभागातल्या अधिकाऱ्याची मंजुरी आधी हवी आणि विषय नंतर सोडायचा. झोप उडालेला मुलगा रात्री तीन वाजता लॅपटॉपवर विषय सोडून मोकळा होतो, आणि सकाळी त्याचा व्हिसा अडचणीत असतो. डॉक्टरी पत्राचीही खोच आहे. ते परवानाधारक डॉक्टरचं किंवा परवानाधारक मानसशास्त्रज्ञाचं लागतं. विद्यापीठातले बरेच समुपदेशक समाजकार्याची पदवी घेतलेले असतात. माणूस कितीही चांगला असो, त्याचं पत्र इथे चालत नाही. मंजुरी घेऊन शिक्षण मध्येच थांबवलं तर देश सोडायला पंधरा दिवस मिळतात. केस मॅनेजर अशा मुलाचा हात धरून त्याला आधी आंतरराष्ट्रीय विभागात नेतो, समुपदेशनाला मागाहून.

पैसा हीदेखील याच कार्यालयाची बाब. अपार्टमेंटला आग लागली, रूममेट भाडं न देता निघून गेला, वडील वारले आणि उद्याचं विमान पकडायचंय. अशा वेळी छोटा आपत्कालीन निधी लागतो, आणि तो आठवड्याने नाही, त्याच दिवशी लागतो. मिशिगन स्टेट विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी धान्यपेढी १९९३ पासून आहे. भूक हेही संकट आहे हे मान्य व्हायला श्रीमंत देशातही वेळ लागला.

नोंदी कशा लिहायच्या हे प्रमुख नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात शिकवतो, कारण ज्या कायद्याने पालकांना अडवलं, तोच कायदा विद्यार्थ्याला स्वतःची फाइल वाचण्याचा हक्क देतो. म्हणून “आळशी वाटला” असं लिहायचं नाही. “सलग चार प्रॅक्टिकल चुकवली” असं लिहायचं.

आणि कधी कधी सगळं करूनही विद्यार्थी जातो. त्या दिवशी प्रमुख दोन याद्या काढतो. एक माणसांची: घरचे, रूममेट, त्या वर्गातली मुलं, भारतीय असेल तर शिकागोतला वाणिज्य दूतावास. दुसरी यंत्रांची. विद्यापीठाचा संगणक त्याला फीची स्मरणपत्रं पाठवत राहतो, ग्रंथालय दंड आकारत राहतं. ही सगळी पत्रं थांबली नाहीत, तर महिन्याभराने आईच्या हातात थकबाकीचं बिल पडतं. ते थांबवणं हे कोणाच्याच कामाच्या यादीत नसतं, म्हणून ते प्रमुखाचं. त्या आठवड्यात रात्रीच्या पाळ्याही तो नव्याने लावतो. मुलाला शेवटचं भेटलेल्या सहकाऱ्याकडे फोन द्यायचा नसतो.

नाशिकच्या मुलाकडे परत येऊ. सकाळी नऊला तो कार्यालयात आलेला असतो, बहुधा केस न विंचरता. एव्हाना पाळी बदललेली असते, पण रात्रीचा डीन थांबलेला असतो. ९८८ या मदतक्रमांकाचं कार्ड त्याच्यापुढे ठेवलं जातं. सोबत एक संमतिपत्र: घरच्यांना काय सांगायचं, काय नाही, ते त्यानेच लिहायचं. मग डीन म्हणतो, फोन तूच कर, हवं तर मी इथे बसतो. नाशिकमध्ये संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. नंबर लावण्याआधी मुलगा विचारतो, “तुम्ही त्यांना काय काय सांगितलंत?”

“काहीच नाही,” डीन म्हणतो. “ते बोलले, मी लिहून घेतलं.”