रांजणातला तांब्या आणि ओले फडके

उन्हाळ्यात हिंगोली जिल्ह्यातील खेड्यांत पाणी साठवून ठेवावे लागते. रांजण भरायचा आणि तांब्या बुडवून पाणी घ्यायचे, ही जुनी रीत. पण विहिरीचे किंवा नळाचे पाणी शुद्ध असले तरी ते घरात आल्यावर दूषित होऊ शकते. ते कसे?

जीवाणूच्या पेशीतील क्रिया पाण्याशिवाय चालत नाहीत. म्हणून एखाद्या वस्तूवर तो किती काळ जगेल, हे बरेचसे ओलाव्यावर ठरते. पटकीचा जीवाणू कोरड्या जागी काही तासांतच मरतो; पाण्यात मात्र तो कित्येक दिवस तग धरतो. गळवांत पू करणारा स्टॅफिलोकॉकस अधिक चिवट. तो सुक्या टॉवेलवरही काही आठवडे टिकू शकतो. धनुर्वाताचा जीवाणू तर जाड कवचाचा बीजाणू बनून मातीत वर्षानुवर्षे पडून राहतो.

आता चुलीजवळचे ओले फडके पाहा. त्यात ओलावा आहे, अन्नाचे कण आहेत, ऊबही आहे. अनुकूल परिस्थितीत आतड्यातील कोलाय जीवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने एका जीवाणूचे 7 तासांत 20 लाख 97 हजार 152 जीवाणू होतील! प्रत्यक्षात अन्न अपुरे पडते, म्हणून वेग कमी होतो. पण धोका उरतोच.

रांजणाच्या आतून हात फिरवला तर कधी कधी बुळबुळीत लागते. जीवाणू चिकट द्रव्य स्रवतात आणि त्याच्या आश्रयाने थर करून राहतात. नुसते पाणी हिसळून हा थर जात नाही. तो घासूनच काढावा लागतो.

बुडवलेल्या तांब्याबरोबर बोटेही पाण्यात जातात. कलकत्त्याच्या झोपडपट्ट्यांत पटकीच्या रुग्णांच्या घरी अरुंद तोंडाच्या सुरया देऊन पाहण्यात आल्या. हात आत जात नसल्यामुळे त्या घरांत संसर्ग बराच कमी पसरला, असे 1986 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

तेव्हा रांजण झाकून ठेवा, लांब दांड्याचे ओगराळे वापरा आणि तो आठवड्यातून एकदा घासून वाळवा. फडके उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका. ऊन ओलावा शोषते, शिवाय त्यातील अतिनील किरण जीवाणूंना मारतात. शौचानंतर व जेवणापूर्वी साबणाने हात धुवा. जुलाबांचा सर्वांत मोठा धोका असतो तो घरातल्या तान्ह्या भावंडांना. त्यांच्यासाठी एवढे कराच!