दीर्घ विमानप्रवास आणि ज्येष्ठ रुग्ण : वैद्यांनी द्यावयाचा सल्ला

रत्नागिरी, चिपळूण, देवरुख परिसरातील अनेक घरांतील मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. नातवंडांच्या ओढीने किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी साठी-सत्तरीचे आईवडील तिकडे निघतात आणि त्यापूर्वी आपल्या वैद्यांना ‘प्रवासात काय काळजी घ्यावी?’ असे विचारतात. या प्रश्नाचे उत्तर पाचक चूर्णाच्या पुडीपुरते मर्यादित राहू नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की हा प्रवास रत्नागिरी स्थानकावरच सुरू होतो. मुंबईपर्यंत रेल्वेचे सहा ते आठ तास, विमानतळावरील तीन-चार तास आणि त्यानंतर थेट विमान असले तरी सुमारे सोळा तासांचे उड्डाण. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, चार तासांहून अधिक काळ निश्चल बसून प्रवास केल्यास पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. मग वाहन विमान असो, रेल्वे असो वा बस. एकंदर प्रमाण अल्प असले, तरी पूर्वी गुठळी झालेले, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, कर्करोगाचे रुग्ण व अतिस्थूल व्यक्ती यांच्यात ते वाढते. अशांनी तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवूनच तिकीट काढावे. दाब देणारे पायमोजे व रक्त पातळ करणारी औषधे त्यांच्याच सल्ल्याने घ्यावीत. शक्य असल्यास मुंबईत एक दिवस मुक्काम करून हिंडते-फिरते राहावे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय वेगधारणाचे दोष सांगतो. शेजाऱ्याला उठवण्याचा संकोच वाटतो म्हणून ज्येष्ठ प्रवासी, विशेषतः स्त्रिया, पाणी पिणे टाळतात व मूत्रवेग रोखतात. त्यातच विमानातील हवा अत्यंत कोरडी असते. परिणामी तोंड व नाक कोरडे पडते, मलावरोध होतो आणि मुख्य म्हणजे माणूस जागेवरून हलतच नाही. यावर साधा उपाय म्हणजे तिकीट काढतानाच मार्गिकेलगतची जागा मागून घेणे.

विमानातील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरील दाबाइतका असतो. त्यामुळे आतड्यांतील वायू प्रसरण पावतो आणि आध्मान होते. म्हणून आदल्या दिवसापासून वाल, पावटे, तळलेले पदार्थ वर्ज्य करून मऊ भात, मुगाचे वरण, तूप असा लघु आहार द्यावा. विमानात थोडे थोडे पाणी प्यावे. दर तासा-दीड तासाने उठून चालावे; बसल्या जागी घोटे वर-खाली फिरवावेत. मद्य किंवा झोपेची गोळी घेऊन निश्चल पडून राहू नये.

चालू असलेली मधुमेह, रक्तदाब इत्यादींची औषधे बंद करू नयेत. ती, चिठ्ठीसह, हातातील पिशवीतच ठेवावीत. न्यूयॉर्कची वेळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेनऊ व हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. म्हणून इन्सुलिनच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. आपली औषधे कागदी पुडीतून न देता नाव व घटक छापलेल्या मूळ वेष्टनातच द्यावीत. अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानात हातातील सामानात ३५० मिलिलिटरहून अधिक पूड असल्यास वेगळी तपासणी होऊ शकते.

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. गुठळीचा धोका प्रवासानंतर सुमारे चार आठवडे राहतो. तिकडून दूरध्वनी येतो, ‘पोटरी दुखते, पाय सुजला आहे, कोणते तेल लावू?’ अशा वेळी वातविकार समजून अभ्यंग किंवा शेक सांगणे प्राणघातक ठरू शकते. कारण मर्दनाने गुठळी सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. एकाच पायाची सूज, पोटरीतील वेदना, अकस्मात धाप किंवा छातीत दुखणे यांपैकी काहीही असल्यास ‘तेल लावू नका, तातडीने रुग्णालय गाठा’ एवढेच सांगावे. उपचारांच्या खर्चाच्या भीतीने ज्येष्ठ मंडळी तिकडे दुखणे लपवतात. म्हणून निघण्यापूर्वी प्रवासी आरोग्यविमा उतरवला आहे ना, हेही आपण विचारावे.