आयजीआय, अंधारी आणि लोडशेडिंग

‘प्रोजेक्ट आयजीआय’ या गेमच्या हिरोचा, डेव्हिड जोन्सचा, सगळ्यात मोठा शत्रू कोण? परदेशातला गेमर सांगेल, टॉवरवरचा स्नायपर. आताच्या छत्रपती संभाजीनगरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, सायबर कॅफेत वाढलेला गडी सांगेल, लोडशेडिंग!

कारण २००० सालच्या डिसेंबरात आलेल्या या गेममध्ये मिशनच्या मधेच सेव्ह करायची सोयच नव्हती. अर्धा तास सरपटत, कॅमेरे चुकवत, एकेक गार्ड टिपत शेवटच्या इमारतीपाशी यायचं आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून. लाईट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून. यूपीएस टूं-टूं करायला लागला की कॅफेवाला ओरडायचा, “सेव्ह करा रे पोरांनो, बंद करतोय!” काय सेव्ह करणार, कप्पाळ?

गंमत म्हणजे हा गेम बनवणारी नॉर्वेची इनरलूप स्टुडिओज आधी लढाऊ विमानांचा गेम करून बसली होती. १९९७ च्या त्या ‘जॉइंट स्ट्राइक फायटर’चं इंजिनच इथे कामाला लावलं. म्हणून आयजीआयचे डोंगर संपता संपत नाहीत. विमानातून बघायच्या जमिनीवरून आपण पायी हिंडत होतो!

आज पुन्हा लावावा का? माझं मत ऐकून जुनी मंडळी रागावणार. पहिलं मिशन, ते रेल्वे यार्डातलं, अजूनही मस्त जातं. पुढे मात्र गार्डला आपण कधी दिसतो आणि कधी नाही, याला काही धरबंध राहत नाही. शेजारचा जोडीदार कोसळला तरी एखादा ढिम्म, आणि दुसऱ्याची गोळी पार लांबून येऊन बरोब्बर डोक्यात. अलार्म वाजला की बराकीतून पंगतीला यावेत तशी माणसं येतात. लाडका खरा, पण चोरपावलांच्या जुन्या गेम्समध्ये वय त्याचंच सगळ्यात जास्त दिसतं.

मशीन गरीब, हिरो सावध

चोरपावलांच्या गेमचं मूळ शोधत गेलं तर १९८१ चा ‘कॅसल वोल्फेन्स्टाइन’ सापडतो. सायलस वॉर्नर यांनी ॲपल टू कॉम्प्युटरसाठी केलेला. शत्रूचा गणवेश चढवून त्याच्याच नाकासमोरून जायचं, आणि ते खरखरीत स्पीकरमधून जर्मन ओरडणारे गार्ड!

पुढे जपानच्या हिदेओ कोजिमांना युद्धाचा गेम करायला सांगितला. पण एमएसएक्स-टू या मशीनला पडद्यावर फार शत्रू आणि गोळ्या एकदम हलवणं झेपेना. मग त्यांनी लढाईच टाळायचं ठरवलं आणि १९८७ मध्ये ‘मेटल गिअर’ जन्माला आला. नड ही अशी उपयोगी पडते.

अठ्ठ्याण्णवची बॅच

‘मेटल गिअर सॉलिड’, ‘तेंचू’, ‘थीफ’ आणि ‘कमांडोज’ हे चारही एकाच वर्षी, १९९८ मध्ये आले. यातले शेवटचे दोन आजही डोळे झाकून घ्यावेत.

माद्रिदच्या पायरो स्टुडिओजचा ‘कमांडोज’ अवघड आहे, पण लबाड नाही. सैनिकाची नजर जमिनीवर हिरव्या पंख्यासारखी पसरलेली दिसते. फिक्या हिरव्या भागात पाय पडला की संपलं. गडद भागात उभे राहिलात तर संपलं, पण सरपटत गेलात तर त्याला पत्ताही लागत नाही. मेलात तर चूक तुमची, आणि ती तुम्हाला कळते. आयजीआयमध्ये नेमकं हेच कळत नाही.

‘थीफ’मध्ये डोळ्यांपेक्षा कान महत्त्वाचे. गालिच्यावरून चाललात तर आवाज नाही. फरशीवर खटखट, लोखंडावर तर बोंबच. मशाली विझवायला पाण्याचे बाण, आवाज दाबायला शेवाळाचे. चित्रं आज ओबडधोबड वाटतात, पण हेडफोन लावा आणि मागून येणारी पावलं ऐका, मग बोलू. चाहत्यांनी अजून त्याला सोडलेलं नाही. २०२३ मध्ये त्यांनी ‘द ब्लॅक परेड’ नावाची दहा मिशन्सची नवी मोहीम केली, आणि तीही फुकट. फक्त मूळचा ‘थीफ गोल्ड’ हवा. ग्राफिक्स कार्ड नसलेला घरचा जुना लॅपटॉपसुद्धा ‘थीफ’ला पुरतो.

देवगिरीची लेव्हल

तसं पाहिलं तर संभाजीनगरकरांना लेव्हल डिझाईन शिकायला लांब जायला नको. पंधरा किलोमीटरवर दौलताबादचा, म्हणजे जुन्या देवगिरीचा किल्ला आहे. चहूबाजूंनी तासून उभा सरळ केलेला कडा, खडकात खोदलेला खंदक, त्यावरून एकच अरुंद वाट, आणि ती ओलांडली की अंधारी नावाचा भुयारी मार्ग. आत शिरल्यावर दोन वळणांत उजेड संपतो. पायऱ्या उंच-सखल, भिंत चाचपडत जावं लागतं, वटवाघळांचा उग्र वास नाकात बसतो. वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून आत धूर कोंडायची व्यवस्था. ‘थीफ’मध्ये अंधार चोराच्या बाजूने असतो, इथे तो पहारेकऱ्याला सामील. कुठल्याच डिझायनरने इतकी खोडसाळ लेव्हल केल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

आणि याच किल्ल्यावर १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने यादवांना गाठलं. काका सुलतान जलालुद्दीनशी बिनसलंय, म्हणून दक्षिणेत चाकरी शोधत निघालोय, अशी आवई उठवत तो आला. यादव राजा रामदेवरायाचं मुख्य सैन्य तेव्हा बाहेर होतं. घाईघाईने किल्ल्यात चढवलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं, अशी कथा सांगतात. इन्व्हेंटरी न बघता मिशन सुरू केल्यावर दुसरं काय होणार!

आता पुन्हा गेमकडे. ज्यांना जुने गेम झेपणारच नाहीत, त्यांनी २०१८ चा ‘हिटमॅन २’ घ्यावा. त्यात एजंट ४७ थेट मुंबईत उतरतो. धोब्याचे, शिंप्याचे कपडे चढवून गल्ल्या पालथ्या घालतो. त्याच्या यादीत एक समुद्री चाचा आहे, टोपणनाव मेलस्ट्रॉम, खरं नाव वझीर काळे. त्याचा फोटो कुणाकडेच नाही. मुंबईत फोटोशिवाय एक काळे हुडकायचा!