थरांचा क्रम

तंजावरहून तेरा किलोमीटरवर, कावेरीच्या काठी तिरुवैयारु आहे. १८४७ साली कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांनी इथेच देह ठेवला. दर पुष्य बहुल पंचमीला त्यांच्या समाधीपाशी शेकडो गायक-वादक त्यांच्या पाच रचना, म्हणजे पंचरत्न कृती, एकसुरात गातात. कृती शिकण्याची रीत ठरलेली: गुरूने ओळ म्हणायची, शिष्याने ती जशीच्या तशी उचलायची, मनोधर्म, म्हणजे स्वतःची उत्स्फूर्त भर, नंतर. तैलरंगातले व्यक्तिचित्र शिकण्याची जुनी वाटही अशीच आहे. थोर चित्रकाराचे चित्र समोर ठेवायचे आणि त्याची नक्कल करायची.

याच मुलखात मराठी राजांच्या आश्रयाने बहरलेली तंजावर शैली मात्र वेगळ्या जातीची. फणसाच्या फळीवर कापड, त्यावर खडूचा लेप, सोन्याचा वर्ख, काचेचे खडे. रेषा आधी, मग सपाट रंग. तैलरंगात रेषेला एवढा मान नाही. तिथे चेहरा उजेड-अंधारातून घडतो.

एका पद्धतीतून दुसरीत गेलेला सर्वांत मोठा विद्यार्थी म्हणजे राजा रविवर्मा. त्यांचे मामा राजराज वर्मा तंजावर पद्धतीने चित्रे काढीत. पहिले धडे त्यांचेच. १८६२ मध्ये मामांनी चौदा वर्षांच्या भाच्याला त्रिवेंद्रमच्या दरबारात नेले. तेव्हा त्रावणकोरचे दिवाण होते कुंभकोणमचे टी. माधवराव, म्हणजे तंजावरी मराठी घरातलेच. दरबारी चित्रकार रामस्वामी नायकर यांना तैलरंग येत होते, पण त्यांनी शिकवायचे नाकारले. त्यांचा शिष्य अरुमुगम पिल्ले रात्री गुपचूप येऊन चार गोष्टी सांगे. १८६८ मध्ये थिओडोर जेन्सन हा युरोपीय चित्रकार आला. त्यानेही शिकवले नाही, फक्त रंगवताना पाहू दिले. १८७३ मध्ये मद्रासच्या प्रदर्शनात रविवर्म्यांना सुवर्णपदक मिळाले.

जेन्सनने केवळ पाहू दिले, ही मला फार मोठी देणगी वाटते. पुरे झालेले तैलचित्र आपला क्रम लपवते. गालावरची लाली वर दिसते. तिच्याखालची तपकिरी सावली कधी घातली, ते दिसत नाही. नक्कल करणाऱ्याने तोच क्रम हुडकायचा असतो. चौकटी आखून चेहऱ्याचे माप घ्यावे, अंबर या तपकिरी रंगाच्या पातळ हाताने पार्श्वभूमी आणि सावल्या बसवाव्यात, मग उजेडाच्या जागी पांढरा जाड लावावा. कातडीचे रंग त्यानंतर. खालचे थर कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे, नाहीतर पुढे भेगा पडतात. जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही. हवेतला प्राणवायू घेत ते सावकाश घट्ट होते. दोन थरांमध्ये थांबावे लागते, आणि त्या थांबण्यातच मूळ चित्राकडे पुन्हा पाहणे घडते. घाईने एका बैठकीत उरकलेली नक्कल दिसायला बरी असली, तरी तिने हाताला फारसे काही शिकवलेले नसते.

नक्कल म्हणजे नवशिक्याचे काम, असेही नाही. फ्लेमिश चित्रकार रुबेन्स १६२८-२९ मध्ये माद्रिदला होता, तेव्हा पन्नाशी ओलांडूनही टिशियनच्या चित्रांच्या प्रती करत बसला. लूव्र संग्रहालयात आजही परवाना काढून मूळ चित्रासमोर ईझल मांडता येते. प्रत मात्र आकाराने मूळ चित्रापेक्षा वेगळी हवी.

आपल्याकडे बहुतेकांनी रविवर्मा पाहिले ते छापील. ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांचे रंगीत छाप, काढा, हा सल्ला त्यांना माधवरावांनीच दिला होता; १८९४ मध्ये गिरगावात छापखाना निघाला आणि सरस्वती, लक्ष्मी घरोघरी पोहोचल्या. या छापांचे उपकार मोठे आहेत. पण शिकणाऱ्याने छापावरून नक्कल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. छापात थर नाहीत, ब्रशचा दाब नाही, सावलीतून डोकावणारा खालचा रंग नाही. हाती लागते ती बाह्यरेषा. मूळ कॅनव्हास बडोद्याच्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात आहेत, आणि साताऱ्याकडच्यांना औंधचे भवानी संग्रहालय जवळ आहे. तिथे चित्रासमोर बाजूने उभे राहावे, म्हणजे तिरप्या उजेडात जाड रंगाचे उंचवटे दिसतात. पहिल्या प्रतीसाठी एकच चेहरा निवडावा, एका बाजूने उजेड पडलेला, हात नसलेला. हातांची बोटे चेहऱ्याहून अवघड असतात.