डांबर पचवणारी पठ्ठी

आगगाडी पाडायला काय लागतं? सुरुंग, दरोडेखोर, नाहीतर सिनेमातला खलनायक. अमेरिकेत या यादीत चक्क एक अळंबी जाऊन बसली आहे! शास्त्रीय नाव निओलेंटिनस लेपिडियस. टोपणनाव ‘ट्रेन रेकर’. तिने खरंच किती गाड्या पाडल्या ते सोडा, रुळांखालचे लाकडी स्लीपर मात्र मनसोक्त खाल्ले.

मूळची ही पाइन, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांच्या मेलेल्या खोडांवरची. स्लीपरही बऱ्याचदा त्याच लाकडाचे, म्हणजे पान वाढूनच ठेवलेलं. ते कुजू नयेत म्हणून रेल्वेवाले त्यांना क्रिओसोट पाजत. हे दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेलं काळं, उग्र तेल. दाब देऊन ते लाकडात घुसवण्याचं पेटंट इंग्लंडमध्ये जॉन बेथेलने १८३८ मध्ये घेतलं. भल्याभल्या बुरश्या त्यापुढे हात टेकतात. ही बया ते बऱ्यापैकी सोसते. शिवाय उन्हाने स्लीपरला चीर गेली, की तेल न पोचलेला गाभा आयताच उघडा पडतो.

खाण्यातही नखरे आहेत. लाकडातलं सेल्युलोज तेवढं फस्त करायचं, लिग्निन बहुतेक तसंच टाकायचं. उरलेलं लाकूड तपकिरी पडतं, आडवं-उभं तडकून त्याचे चौकोनी तुकडे होतात आणि चिमटीत धरलं तर भुगा. याच खोडीमुळे १९८५ मध्ये शास्त्रज्ञांनी तिला लेंटिनस वंशातून काढून वेगळं बिऱ्हाड थाटून दिलं. जुने भाऊबंद लिग्निनही खातात ना!

दिसायला पांढरट-पिवळसर, टोपीवर तपकिरी खवले. उलटी करून पाहिलीत तर खालच्या पडद्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी. वास मात्र बडीशेपेचा! उजेड नसला की टोपी धरतच नाही. खाणीतल्या अंधारात नुसत्या देठांना फाटे फुटतात आणि हरणाच्या शिंगांसारखं काहीतरी विचित्र उगवतं.

लाकूड टिकवणारं नवं औषध आलं, की प्रयोगशाळेत त्याची परीक्षा घेणाऱ्या बुरश्यांमध्ये हीसुद्धा असते. औषध लावलेला ठोकळा तिच्यापुढे ठेवायचा आणि काही आठवड्यांनी वजन किती घटलं ते पाहायचं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, दुसरं काय!

जंगलातली कोवळी अळंबी जाणकार शिजवून खातात. रुळाजवळची मात्र कुणी फुकट दिली तरी घेऊ नका. तिच्यासोबत क्रिओसोटही पानात यायचं.