पावसाच्या रानात चाकांवरचे बिऱ्हाड

'कॅरव्हान' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाळवंट आणि उंटांची रांग उभी राहते. ऑस्ट्रेलियात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायची चाकांवरची खोली म्हणजे कॅरव्हान. आत बिछाने, गॅसची शेगडी, एखादे कपाट; बाहेरच्या अंगाला ताडपत्रीचा मांडव. अशी खोली घेऊन आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे खटले आठ-पंधरा दिवस रानात जाऊन राहते, आणि तेही ऐन पावसाळ्यात! कोरडे दिवस सोडून ही मंडळी पावसात कशाला जातात, असे आपण विचाराल. त्याचे अर्धे उत्तर हवामानात आहे आणि अर्धे कारखान्याच्या हजेरीपत्रकात.

हवामानाचे आधी सांगतो. ईशान्य क्वीन्सलँडमध्ये समुद्रालगत डोंगरांची रांग आहे. समुद्रावरून येणारे ओले वारे तिला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि पाऊस टाकतात. आपल्या सह्याद्रीवर घडते तेच. त्यातले सर्वांत उंच शिखर १,६११ मीटरचे असून त्याचे नाव बार्टल फ्रिअर. होय, १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर असलेला, ज्याच्या कारकिर्दीत किल्ल्याचा तट पाडला गेला, तोच हा फ्रिअर. १८७३ साली त्याचे नाव या शिखराला मिळाले. तेथील मूळ रहिवाशांनी दिलेले नाव अर्थातच मागे पडले. पायथ्याच्या बॅबिंडा गावी वर्षाला ४,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. जवळच्या टली गावात १९५० साली ७.९ मीटर पाऊस झाला, म्हणून तेथे २००३ साली तेवढ्याच उंचीचा गमबूट उभारला आहे! महाबळेश्वरकरांना ४,००० चे कौतुक वाटणार नाही, ही गोष्ट वेगळी.

आता हजेरीपत्रक. समजा, बर्डेकिन नदीकाठच्या एअर या गावाजवळ साखर कारखान्यात एक फिटर आहे. तो मुलूख बागायती उसाचा, पाऊस बेताचा. गाळप साधारण जूनपासून नोव्हेंबरपर्यंत चालते. म्हणजे ज्या कोरड्या महिन्यांत दक्षिणेकडचे पेन्शनर आपापले कॅरव्हान घेऊन उत्तरेला येतात, नेमक्या त्याच महिन्यांत हा माणूस पाळी करीत असतो. शाळांची मोठी सुटी डिसेंबर-जानेवारीत, कारण तिकडे तेव्हा उन्हाळा. आणि उत्तरेत उन्हाळा म्हणजेच पावसाळा. तेव्हा बायको, तीन मुले, म्हातारे आईबाप, बहीण व तिचा मुलगा यांना घेऊन तो पावणेचारशे किलोमीटरांवरच्या बॅबिंडाला जातो, तो पावसातच.

पावसातला हा संसार सोपा नसतो. जागा उंचवट्यावर बघावी लागते. ओढ्याकाठची जागा दिसायला छान, पण रात्रीतून पाणी वाढते. जुन्या झाडाखाली राहू नये, भिजून जड झालेली फांदी केव्हा कोसळेल याचा नेम नाही. मांडवाची ताडपत्री एका बाजूला उतरती बांधावी, नाहीतर मध्ये पाण्याची पखाल साचते आणि खांबासकट खाली येते. आणि खरा शत्रू बाहेरचा पाऊस नव्हेच, आतला दमटपणा. सात-आठ माणसांचा श्वास, ओले कपडे, आणि जळताना गॅसही वाफच सोडतो. ही वाफ थंड पत्र्यावर बसते आणि छतातून ठिबकते. लोक म्हणतात, छत गळते! पाऊस येतो म्हणून खिडक्या गच्च लावल्या की हाल वाढतात. वरची झडप थोडी उघडीच ठेवावी. बंद खोलीत शेगडीवर ऊब घेणे तर जिवावर बेतते. स्वयंपाक मांडवातच बरा. तीन दिवसांत चामड्याच्या पट्ट्याला बुरशी येते. आजोबा पत्त्यांचा डाव मांडतात, पोरे जळवा मोजतात आणि पाऊस थांबला की ओढ्यावर पळतात. ओले रान पाहावे ते याच दिवसांत, असे जाणकार सांगतात. रात्री बेडकांचा गलका, दिवसा एखादा कॅसोवरी पक्षी पडलेली फळे गिळत फिरतो.

ही चैन त्या फिटरला मालकाने दयेपोटी दिलेली नाही. १९३६ साली तेथील छापखान्यांच्या कामगारांनी एका आठवड्याची भरपगारी रजा मिळविली. ती १९४५ मध्ये दोन आठवडे, १९६३ मध्ये तीन, आणि सत्तरीनंतर चार झाली. आपल्याकडे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टाने वर्षात २४० दिवस भरणाऱ्याला वीस दिवसांमागे एक दिवस दिला. पण आमच्या उसाच्या फडातला तोडणी कामगार त्यात कधी बसला नाही. तोही पोराबाळांसह घर सोडतो, ताडपत्रीच्या कोपीत राहतो, मात्र टनाच्या हिशेबाने आणि मुकादमाची उचल फेडण्यासाठी.

तिकडेही सगळे आलबेल आहे असे समजू नका. आपल्या उदाहरणातली ती बहीण दुकानात 'कॅज्युअल' कामावर आहे. तिला सामान्यतः २५ टक्के जादा दर मिळतो, पण भरपगारी रजा नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत इंगहॅमच्या दक्षिणेकडे महापुराने हमरस्त्यावरचा पूल मोडला. अशा वेळी वाट बंद पडली आणि कुटुंब चार दिवस अडकले, तर भाऊ शिल्लक रजेतून ते दिवस मागू शकतो. बहिणीच्या चार दिवसांची मजुरी बुडते आणि घरभाडे तर थांबत नाही. एकच मांडव, एकच पाऊस, पण दोघांचा हिशेब वेगळा. २०२४ च्या ऑगस्टपासून तेथे कायदा बदलला आहे: सहा महिने काम केलेली कॅज्युअल बाई, दुकान लहान असल्यास बारा महिन्यांनंतर, मला कायम करा असे मालकाला लेखी कळवू शकते. मालकाने एकवीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचे असते.